मी पिग्मी मोडली

उधारीनं माणूस बुडतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. बचतीनंही बुडतो, हे कळायला रत्नागिरी सोडून केडगावला यावं लागलं.

माझे वडील शाळेत क्लार्क होते. घरात एकच कायदा होता: पगार झाला की आधी पोस्टात पैसे, मग किराणा. पोस्टाचं पुस्तक देवांच्या फळीवर असायचं आणि त्याला हात लावायचा तो वडिलांनी, तोही अंघोळ झाल्यावर. एका वर्षी माजघरावरची कौलं फुटली. आईनं पोस्टातले थोडे काढू या असं नुसतं म्हणून पाहिलं, तर वडील दोन दिवस ताटावरून मान वर करेनात. शेवटी पावसाळाभर आम्ही माजघरात घमेली ठेवली, रात्रीतून उठून ती ओतली, पण पुस्तक हललं नाही. गंमत म्हणजे याचा आम्हाला अभिमान वाटायचा. शाळेत मी मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा साठवलेलं मोडत नाहीत म्हणून. गळतं घर ही त्यातली शौर्यकथा होती.

हे सगळं रक्तात घेऊन मी एक्केचाळिसाव्या वर्षी नगरजवळच्या केडगावला आले. नवऱ्याला सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती. कंपनीची बस पुणे रोडवरून सकाळी त्याला उचलायची आणि संध्याकाळी आणून टाकायची. नगरचं नाव आता बदललं आहे, पाट्यांवर अहिल्यानगर आलं, पण तोंडात सगळ्यांच्या अजून नगरच. बस गेल्यापासून परत येईपर्यंतच्या दहा-अकरा तासांत मी, भाड्याच्या दोन खोल्या आणि बोअरचं जड पाणी. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे कुकरशी रोज भांडण. महिन्याभरात मी नवऱ्याला सांगून टाकलं की मला दुकान काढायचंय, घरगुती पदार्थांचं.

तो नाही म्हणाला नाही. आपल्याजवळचे थोडे पैसे त्यानं गाळ्याच्या डिपॉझिटला दिले आणि एक अट घातली. वर्षभर बघ, नाही जमलं तर मुकाट्यानं बंद करायचं, कर्जबिर्ज काढून ओढायचं नाही. मी मान डोलावली. लग्नाआधी वडिलांच्या आणि लग्नानंतर नवऱ्याच्या पगारावर जगलेली बाई मी, स्वतःचा गल्ला असेल या कल्पनेनंच माझे पाय जमिनीवर नव्हते. ते दुकान मला किती हवं होतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

दुकान उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेअकराला एक गृहस्थ दारात आले. पंचावन्नच्या आसपासचे, काटकुळे, पांढरा सदरा, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि हातात कॅल्क्युलेटरएवढं मशीन. एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट. गाव मिरजगावकडचं, पण गेली वीस वर्षं केडगावच्या दुकानांतून रोज फिरून लोकांची बचत गोळा करत होते. दिवसाला जमेल तेवढे द्यायचे, मशीनमधून चिठ्ठी निघते, महिन्याचा जमाखर्च शाखेत. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. किती भरणार विचारल्यावर मी ऐटीत दोनशे सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फळीवरच्या बरण्यांकडे पाहिलं आणि शंभरानं सुरुवात करा म्हणाले. मी दोनशेच म्हटलं. नव्या माणसाला सल्ला दिला की त्याला अपमान वाटतो, तसा मला वाटला.

ती चिठ्ठी मला फार आवडायची हो. एवढीशी, पातळ कागदाची, त्यावर आजची तारीख, आजचे दोनशे आणि खाली आजवरची बेरीज. वडिलांचं पोस्टाचं पुस्तक महिन्यातून एकदा वाढायचं, माझं रोज वाढत होतं. चिठ्ठ्या मी एका डब्यात लावून ठेवायची. विक्री होवो न होवो, साडेअकराला दोनशे तयार.

आता विक्रीबद्दल खरं सांगते. आडात नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? मी मांडलं होतं ते सगळं माझ्या गावचं. आंबोळीचं पीठ, कुळथाचं पीठ, मेतकूट, फणसाचे पापड आणि कोकम आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, तीस बाटल्या. बायका यायच्या, बाटली उलटीसुलटी करायच्या, हे कशात घालतात विचारायच्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे का म्हणून विचारून जायच्या. मला राग यायचा. कोकम माहीत नाही म्हणजे काय! शेंगदाण्याची चटणी काय, कोणीही करेल. मी हट्टानं आणखी कोकम मागवलं.

मग जे व्हायचं ते झालं. गावाकडचा माल उचलायचा म्हणून गल्लीतल्या चार बायकांबरोबर महिलागटाचं कर्ज घेतलं. त्याचा हप्ता दर आठवड्याला, आणि एकीनं चुकवला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. फ्रीज हप्त्यावर आणला. किराण्याच्या होलसेलवाल्याकडे उधारी चढली. आणि एके दिवशी मोबाईलवर जाहिरात आली, पाच मिनिटांत पैसे, कागद नको, जामीन नको. सहा हजार मागितले तर हातात पाच हजारही आले नाहीत, आणि महिन्यात फेडायचे पूर्ण सहाच्या वर. ते फेडायला दुसरं ॲप. दुसरं फेडायला तिसरं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी मूठ झाकत राहिले, आत काय चाललंय ते मलाही नीट माहीत नव्हतं.

आणि या सगळ्यात पिग्मी चालूच. तुम्ही हसाल, पण ॲपवरून आलेल्या पैशातून मी पिग्मीचे पंधरा दिवसांचे दोनशे-दोनशे आधी बाजूला काढून ठेवायची. आधी बचत, मग बाकीचं. मला वाटायचं, एवढं एक तरी आपण नीट करतोय. ज्या दिवशी हे मोडेल त्या दिवशी खरं दिवाळं.

एके दिवशी सकाळपासून भवानीच झाली नाही. गल्ल्यात तीस-चाळीस रुपये. काका समोरच्या मेडिकलमधून निघालेले दिसले, तशी मी लगबगीनं शेजारच्या कटलरीच्या दुकानात गेले आणि तिथल्या वहिनींकडे दोनशे मागितले. त्यांनी बिचारीनं लगेच दिले. वळले तर काका माझ्या दाराशी उभे. त्यांनी पाहिलं होतं. मी काही घडलंच नाही अशा थाटात त्याच दोन नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी घेतल्या, चिठ्ठी दिली, पण रोजच्यासारखं चला येतो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि मशीन पिशवीतून काढलंच नाही. माझा हात पुढे, नोटा हातात, आणि ते म्हणतात, "ताई, आजपासनं मी तुमच्याकडनं पैसे घेनार न्हाई."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. मी म्हटलं, का, माझे पैसे खोटे आहेत? ते हळू आवाजात म्हणाले की दुपारी येतो, बोलू. मी म्हटलं, बोलायचं काही नाही, घ्यायचे तर घ्या. ते गेले. गिऱ्हाइकंही गेली. परगावची बाई बघून हा माणूस मला चारचौघांत कंगाल ठरवून गेला, असंच माझ्या डोक्यात बसलं.

तोंडाचा पट्टा चालू झाला की मला थांबता येत नाही. मी पासबुकावरचा नंबर बघून सरळ शाखेत फोन लावला. तुमचा एजंट कलेक्शन घेत नाही, मनाला येईल तसं वागतो, उर्मट आहे, आणि असंच चाललं तर दहा दुकानांना सांगून पिग्मी बंद करायला लावेन. मॅनेजरांनी माफी मागितली. फोन ठेवल्यावर मला कसं अगदी थंड वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तीन दिवस काका आलेच नाहीत. दुपारी येतो म्हणाले होते, त्या दुपारीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, रत्नागिरीहून. कोणीतरी त्याला फोन करून माझ्या नावावर कर्ज थकलंय, भरायला सांगा म्हणाला होता. भाऊ हसत होता. म्हणाला, फ्रॉड आहेत गं, मी चांगला झापला त्याला, आमच्या घरात कोणी कधी कर्ज काढलेलं नाही म्हणून सांगितलं. मी बरं केलंस म्हटलं आणि फोन ठेवला. ॲपवाल्यांनी माझ्या मोबाईलमधले सगळे नंबर घेतले होते. आज भाऊ, उद्या नवरा, परवा त्याच्या कंपनीतला कोणीतरी. माझं दुकान आता काही दिवसांचंच, हे मला लख्ख दिसलं. फळीवरच्या त्या बरण्यांकडे बघून मी मनात त्यांचा निरोपसुद्धा घेऊन टाकला.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, काका आले. मशीन आणलं नव्हतं. हातात जुन्या कॅलेंडरचं एक पान होतं. मी या म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. त्यांनी कोपऱ्यातला पिठाचा रिकामा डबा उलटा केला आणि त्यावर बसले. मग पाणी मागितलं. पाणी मागणाऱ्याशी भांडता येत नाही, ही त्यांची युक्ती असावी.

पाणी पिऊन ते म्हणाले, "ताई, रागवा, पन ऐका. हितं एक हॉटेलवाला हुता. आठ वर्सं, एक दिवस खाडा न्हाई. मी बाकीच्यांना त्याचं उदाहरन द्यायचो. एका सोमवारी गेल्तो तर शटर बंद. मागनं कळलं, पिग्मी भरायला बी त्यो व्याजानं पैशे घेत हुता. त्याच्या कमिशनवर मी पोरीची फी भरली. मला दिसायला पायजे हुतं, दिसलं न्हाई. तुमचं दिसलं."

मी एकदम रडायलाच लागले. मी सहसा रडत नाही, भांडते. पण तो माणूस डब्यावर बसून, माझ्याकडे न बघता, तुमचं दिसलं म्हणाला आणि माझा बांधच फुटला. त्यांनी मला रडू दिलं. मग कॅलेंडरचं पान पाठकोरी बाजू वर करून काउंटरवर पसरलं आणि पेन दिलं.

कोणाकोणाचं किती, ते त्यांनी मलाच लिहायला लावलं. माझं अक्षर वडिलांसारखं सुबक आहे. त्या सुबक अक्षरात मी लिहिलं: तीन ॲपचे मिळून एकतीस हजार. होलसेलवाल्याचे एकोणीस. महिलागटाचे अठरा. फ्रीजचे चौदा. बेरीज ब्याऐंशी हजार. हा आकडा मी तोवर कधीच पाहिला नव्हता, कारण मी बेरीजच केली नव्हती. मी क्लार्कची मुलगी!

मग ते म्हणाले, आता शेजारी पिग्मीची शिल्लक लिहा. ती मला पाठ होती. बावन्न हजार.

दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिसत होते. काकांनी बोट आधी बावन्नवर ठेवलं आणि सांगितलं की यावर संस्था तुम्हाला वर्षाला जे व्याज देते, त्याहून जास्त हे ॲपवाले तुमच्याकडून महिन्याला घेतात. यापेक्षा त्यांनी काहीही समजावलं नाही. मला समजलं होतं, फक्त हात उचलत नव्हता. मी म्हटलं, काका, साठवलेलं मोडायचं नसतं हो. आमच्या घरी घर गळत होतं, तरी मोडलं नाही.

"मग मोडायला पायजे हुतं," ते म्हणाले. "कौलं बसवायलाच साठवत्यात ना मानसं?"

इतक्या वर्षांत हे आमच्या घरातल्या कोणाच्या कधी मनात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं, पण तिचं ऐकतो कोण. पावसाळाभर रात्रीबेरात्री घमेली ओतणारी माझी आई मला त्या दुपारी केडगावच्या दुकानात फार आठवली, आणि वडिलांचा थोडा रागही आला. तो आजही आहे, असू दे.

जाताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. आज रात्रीच्या आत साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगायचं. दुसऱ्याकडून कळलं तर कर्जापेक्षा ते महाग पडेल. आणि उद्या अकराला शाखेत यायचं.

नवऱ्याला मी ते कॅलेंडरचं पानच दिलं. तो बसमधून उतरून नुकता हातपाय धुऊन बसला होता. त्यानं ते दोनदा वाचलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, मी उलट ओरडले असते. तो एवढंच म्हणाला की तुला मला सांगायची भीती वाटली याचं मला वाईट वाटतंय. मी दुकान बंद करते म्हटलं. तो म्हणाला, आधी उद्या शाखेत जाऊन ये. मग त्यानं स्वतः चहा केला, नेहमीसारखा पाणचट, आणि मी तो निमूट प्यायले.

शाखेत काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. काका आधीच येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभे होते. मी खातं बंद करायचं म्हटल्यावर तिनं पासबुक पाहिलं आणि म्हणाली, मॅडम, दहाच महिने झालेत. आणखी दोन महिने थांबलात तर वर्ष पूर्ण होईल, तुम्हाला व्याज मिळेल आणि काकांचं कमिशनही परत जाणार नाही.

मला कळेना. कमिशन परत म्हणजे काय? तिनं सांगितलं, संस्थेचा नियमच आहे. वर्षाच्या आत खातं मोडलं तर एजंटला त्यावर दिलेलं कमिशन त्याच्याकडून कापून घेतात. तुमच्या खात्याचे पंधराशे साठ रुपये होतात. मग तिनं माझं नाव पुन्हा वाचलं आणि आवाज बारीक करून विचारलं की मागच्या आठवड्यात फोन करणाऱ्या मॅडम तुम्हीच का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, काकांना लेखी खुलासा द्यावा लागला, तीन दिवस कलेक्शनच्या लाइनवर पाठवलं नाही त्यांना. मी विचारलं, काय लिहिलं त्यांनी? ती म्हणाली, काही नाही, विसरलो, माझी चूक झाली, एवढंच.

एवढंच. ही बाई कर्जात आहे, उसने घेऊन भरते, म्हणून मी घेतले नाहीत, हे लिहिलं असतं तर ते सुटले असते. पण मग ते शाखेत सगळ्यांना कळलं असतं, म्हणून माझी झाकली मूठ त्यांनी झाकलीच ठेवली, स्वतःच्या तीन दिवसांच्या कमाईवर. आणि मी तिकडे तक्रार केली म्हणून थंड वाटून घेत बसले होते!

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, काका, मी दोन महिने थांबते. ते जवळ आले, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "दोन महिने ॲपवाले थांबत्यात व्हय? सही करा ताई. माझं मी बघतो."

मी सही केली. आयुष्यात एवढी वाकडीतिकडी सही मी कधी केली नव्हती, काउंटरवरच्या मुलीनं ती जुळवून बघायला दोनदा वर केली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही ॲपचे पैसे भरून झाले, ती फोनमधून काढून टाकली. होलसेलवाल्याकडे काका माझ्याबरोबर आले, पण आत आले नाहीत. तुमचं तुमी बोला म्हणून बाहेर उभे राहिले. एकोणीस हजार एकरकमी पाहून होलसेलवाल्यानं मला खुर्ची दिली. उरलेल्या दोन हजारांचे मी शेंगदाणे, तीळ आणि लसूण घेतले.

हो, शेंगदाण्याची चटणी केली. मिरची किती, लसूण किती, हे कटलरीवाल्या वहिनींनी शिकवलं, त्यांचे दोनशे परत करायला गेले तेव्हा. माझी पहिली चटणी गोडसर झाली होती, त्यांनी चाखून तोंड असं केलं की मीच हसले. नवरात्रात देवीच्या दर्शनाला केडगावात एवढी गर्दी लोटते, तेव्हा नऊ दिवस मी राजगिऱ्याचे लाडू आणि उपासाची भाजणी विकली, आणि दुपारचं जेवण उभ्यानंच केलं. कोकमाच्या बाटल्या मात्र काही केल्या खपेनात. काका एकदा म्हणाले, ते लाल पानी आता घरीच प्या, फळी मोकळी करा. मी त्यातल्या अर्ध्या रत्नागिरीला परत धाडल्या आणि उरलेल्यांचं उन्हाळ्यात सरबत करून पाच-पाच रुपयांना ग्लासनं विकलं. ते मात्र खपलं. ग्लासात घालून दिलं की लोक विचारत नाहीत हे कशात घालतात म्हणून.

काकांचं आता माझ्या दुकानात काहीच काम नव्हतं. पिग्मी नाही, म्हणजे कमिशन नाही. तरी ते रोज साडेअकराला थांबायचे, फार तर दोन मिनिटं. काल किती विकलं, काल काय उचललं, गटाचा हप्ता बाजूला आहे का. हे तीन प्रश्न. मी खोटं बोलले तर त्यांना कळायचं, कारण मी खोटं बोलताना आवाज चढवते. महिन्याला उधारी किती दिली हे विचारून त्यांनी मला गल्लीतल्या निम्म्या उधाऱ्या बंद करायला लावल्या. दोन बायका त्यावरून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांतली एक महिन्यानं परत आली, रोख घेऊन. वर्षभराची अट उलटून गेली तेव्हा नवऱ्यानं ती काढलीही नाही. उलट रविवारी गल्ल्यावर बसायला लागला, आणि गिऱ्हाइकाकडून चार रुपये कमी घेऊन माझ्या शिव्या खायला लागला.

काकांचे उपकार, असं मी एकदा नवऱ्याजवळ बोलून गेले, तर माझं मलाच ते टोचलं. उपकार हा शब्द आमच्या घरी चांगला मानत नाहीत. रोज ते दारात थांबायचे आणि रोज मला ते पंधराशे साठ दिसायचे. पण गटाचा हप्ता चालू असताना आधी त्यांचे देऊन मोठेपणा करायचा, तर त्यांनी तेही ऐकून घेतलं नसतं.

फ्रीज आधी फिटला. गटाचा शेवटचा हप्ता मी होळीच्या आसपास भरला. त्याच दिवशी पंधराशे साठ रुपये मोजून वेगळे काढले आणि साडेअकराची वाट बघत बसले. मला धाकधूक होती. ते नको म्हणणार याची मला खात्री होती. राहू द्या ताई, तुमच्याकडनं घेनार व्हय, असं काहीतरी. माझं बोलणंही मी तयार करून ठेवलं होतं, घ्यावेच लागतील वगैरे.

ते आले. मी सांगितलं की आज गट संपला, आता कोणाचं काही नाही, फक्त तुमचं आहे. आणि तक्रारही मीच केली होती, त्याबद्दल मला माफ करा. हे शेवटचं मी खाली बघून म्हणाले.

काकांनी पैसे घेतले. मोजले. पुन्हा मोजले. साठ रुपये सुट्टे होते तेही मोजले, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून बटण लावलं.

"बरं केलंत," ते म्हणाले. "मी मागनार नव्हतो, ताई. पन इसरलो बी नव्हतो."

माझं तयार केलेलं भाषण तसंच राहिलं. त्यांनी राहू द्या म्हटलं असतं, तर मी त्यांच्या लेखी कायमची ती रडणारी, अडलेली, परगावची बाई राहिले असते, आणि माझ्या लेखीही. त्यांनी कोणत्याही दुकानदाराकडून घ्यावेत तसे माझ्याकडून पैसे घेतले. तेवढ्यात एका बाईनं पाव किलो चटणी मागितली आणि काका बाजूला सरकले, गिऱ्हाईक आधी घ्या म्हणाले.